तोफा राखतात तो रस्ता

घाटात दरड कोसळली की रस्ता बंद, हे आपल्याला माळशेज-वरंधमुळे ठाऊक आहे. कॅनडातल्या रॉजर्स पासमध्ये मात्र दरड मुद्दाम पाडतात, तीही बर्फाची! सुमारे ७,८०० किलोमीटरचा, देश आरपार जोडणारा ट्रान्स-कॅनडा महामार्ग १९६२ साली याच खिंडीत रीतसर खुला झाला. हिवाळ्यात इथल्या उतारांवर बर्फाचे थर साचतात. खालचा थर कच्चा असला की वरचा अख्खा घसरतो. म्हणून आधी वाहनं थांबवतात आणि लष्कराचे जवान १०५ मिलिमीटरच्या तोफेतून डोंगरावर गोळे डागतात. धक्क्यानं बर्फ थोडाथोडा, ठरल्या वेळी उतरतो. रस्ता साफ होईपर्यंत ट्रकांची रांग खिंडीबाहेर उभी. हा सक्तीचा थांबा मला मोलाचा वाटतो. यंदा पावसाळ्यात आपल्या घाटात अडवलं, तर कृपा करून थांबा.