गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी

या कार्यक्रमात आपण शेळ्या, परसबाग, औषधपाणी यांबद्दल नेहमी बोलतो. आज गाडीबद्दल बोलायचंय. आता बऱ्याच गटांकडे माल न्यायला एखादी जुनी गाडी असते. ती बिघडली की आपण गॅरेजमध्ये नुसत्या उभ्या राहतो आणि सांगतील तेवढे पैसे देतो. आमचेही तसेच जाणार होते, ते कसे वाचले ते सांगतो.

आमचा गट पोलादपूर तालुक्यातला. नाचणीचे पापड, कोकम, आवळासुपारी करून आम्ही महाबळेश्वरच्या दुकानांत देतो. एसटीत पोती चढवून कंबर मोडायची, म्हणून कर्ज काढून जुनी गाडी घेतली. गाडी चालवतात त्या आमच्या वहिनी. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे, क्लच दाबता येत नाही. म्हणून आपोआप गिअर बदलणारी गाडी शोधली. गावाकडे तशी गाडी कुणी घेत नाही, त्यामुळे स्वस्तातही मिळाली.

गेल्या पावसाळ्यानंतर आंबेनळी घाटात ती अचानक जड झाली. वळणावर थांबून पुन्हा निघाली की नुसता आवाज करायची, चढ घेईना. समोर एक दिवा लुकलुकत होता. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ नीट चालायची आणि परत तेच. जवळच्या गॅरेजवाल्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "ताई, गिअरबॉक्स गेला. ४५ हजार लागतील."

त्या रात्री बैठकीत कुणी जेवलं नाही. कर्जाचे हप्ते राहिले होते. "बायकांनी गाडी घेतली की असंच व्हायचं," हे गावातून ऐकू येत होतंच. गाडी विकून टाका, असंही दोघी म्हणाल्या. तेवढ्यात आमच्या एक मावशी बोलल्या, "बंद करून चालू केली की बरी होते ना गं? मोडलेलं जातं असं मधेच बरं होतं का?"

मावशी कधी गाडीत पुढे बसलेल्या नाहीत, पण प्रश्न बरोबर होता. गिअर बदलतात तेल, चकत्या आणि चाकं. पण कधी बदलायचा ते ठरवतो गाडीतला छोटा कॉम्प्युटर. गाडी किती वेगात आहे हे त्याला वायरीतून कळतं. ती खबर तुटली, की तो गिअरबॉक्स जपण्यासाठी गाडी एकाच गिअरमध्ये, बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो. म्हणून ती उभ्या चढाला जड होते. बंद करून चालू केली की कॉम्प्युटर पुन्हा नव्याने बघतो. झिजलेल्या चकत्या मात्र अशा बऱ्या होत नाहीत.

मग आठ दिवस आम्ही वहीत लिहिलं: गाडी कधी अडते, थंड असताना की तापल्यावर, सपाटीला की खड्ड्यात, दिवा लागतो का. बिघाड बहुतेक वेळा खड्ड्यांनंतर दिसला. वही घेऊन महाडला गेलो, गाडीला स्कॅनर लावणाऱ्या मिस्त्रींकडे. त्यांनी वही वाचली, स्कॅनर लावला आणि खाली वाकून एक वायर दाखवली. उंदरांनी कुरतडलेली! गाडी आम्ही नाचणीच्या पोत्यांशेजारी लावत होतो. वायर जोडून, गुंडाळून द्यायचे ९०० रुपये झाले. आता पोती दुसरीकडे असतात.

प्रत्येक वेळी उंदीरच असेल असं नाही. म्हणून गॅरेजला जाण्याआधी काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, दांडा पीवरून निघत नसेल तर घाबरू नका. ब्रेक दाबल्याशिवाय तो बहुतेक गाड्यांत निघत नाही. एकीने ब्रेक दाबावा, दुसरीने बाजूला उभं राहून मागचे लाल दिवे लागतात का ते बघावं. एकही दिवा लागला नाही तर दोष बहुधा फ्यूजमध्ये किंवा ब्रेकच्या बटणात असतो. ते काम थोडक्यात होतं.

दुसरं, बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, पट्टे सैल असतील, तर कॉम्प्युटरला नीट वीज मिळत नाही आणि गिअर वेडेवाकडे पडतात.

तिसरं, तेल. दांडा डीवर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी धक्का देऊन हलत असेल, किंवा इंजिन जोरात फिरतं पण गाडी ओढत नसेल, तर आधी गिअरचं तेल बघा. गाडीखाली सकाळी लाल डाग दिसतो का तेही बघा. हे तेल वेगळं असतं. इंजिनचं तेल त्यात कधीही घालू नका. कोणतं तेल चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

तेल मोजताना आम्हीही चुकलो आहोत. गाडी थंड असताना पट्टी बघितली, कमी वाटलं म्हणून ओतलं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हे तेल गाडी थोडी फिरवून, सपाट जागी, हँडब्रेक ओढून, दांडा पीवर ठेवून, इंजिन चालू असताना मोजतात. काहींत पद्धत वेगळी असते, काहींत पट्टीच नसते. म्हणून आधी पुस्तक बघा. आमचं तेल जास्त झालं, त्याला फेस आला आणि गिअर आणखी धक्के द्यायला लागले. जास्तीचं तेल काढायला परत पैसे गेले. आणि मैत्रिणींनो, इंजिन चालू असताना बोनेट उघडलं तर पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. पंखा आणि पट्टा कुणाला ओळखत नाहीत.

पट्टीवरचं तेल पांढऱ्या फडक्यावर पुसा. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी असेल तर बदलायची वेळ झाली. काळं, जळका वास येणारं, त्यात बारीक कण असतील, तर चकत्या झिजल्या आहेत, तिथे खर्च खरा आहे. आणि दुधी गुलाबी दिसलं, तर तेलात पाणी गेलंय. गाडी अजिबात चालवू नका. जुनी गाडी घेतानाही हे बघा. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते. आतलं तेल खोटं बोलत नाही.

काही गाड्यांचा प्रकार वेगळा आहे. २०१४ पासून आपल्याकडे एएमटी नावाच्या स्वस्त गाड्या मिळू लागल्या. त्यांत क्लच साध्या गाडीसारखाच असतो, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. गिअर बदलताना त्या क्षणभर अडखळतात, तो बिघाड नव्हे. पण चढावर ब्रेक न लावता रेस देऊन गाडी धरून ठेवली, तर क्लच जळतो. घाटातल्या बायांनी हे लक्षात ठेवा.

चालवण्याच्या दोन सवयीही लावून घ्या. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीवरून आरवर दांडा टाकू नका. उतारावर लावताना ब्रेकवर पाय ठेवूनच आधी हँडब्रेक ओढा, मग पीवर टाका. गाडी बंद पडली तर चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद असलं की बहुतेक गिअरबॉक्सना तेल पोचत नाही आणि चांगला असलेलाही खराब होतो. टेम्पोवर चढवून न्या.

एवढं बघूनही गाडी अडली, तर गॅरेजला जाच. सगळं घरी होत नाही. पण जाताना वही न्या. "गाडी बघा" म्हणू नका, "खड्ड्यांनंतर अडते, बंद करून चालू केली की सुटते, दिवा लागतो" असं सांगा. मोठा खर्च सांगितला तर "दादा, स्कॅनर लावून काय आलं ते दाखवा" म्हणा, आणि आणखी एका ठिकाणी विचारा. काढलेला जुना भाग परत मागा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

आमच्या महाबळेश्वरच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. वहिनी चालवतात आणि मावशी आता पुढे बसतात. गाडीची वही त्यांच्या मांडीवर असते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत गाडीचं पुस्तक उघडा आणि एक वही सुरू करा.