दूरच्या हातांनी केलेले संकलन

संकलनाचा विषय निघाला की पडद्यासमोर बसलेला संकलक आणि त्याच्या शेजारी सूचना देणारा दिग्दर्शक असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आज मात्र पुष्कळदा हे दोघे एका गावात तर नसतातच, पण एका देशातही नसतात. परदेशी निर्माते आपल्या चित्रफिती भारतातील संस्थांकडे पाठवितात, आणि भारतातील लहान निर्माते घरी बसून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संकलकांकडे आपला माहितीपट सोपवितात. हे कशामुळे शक्य झाले आणि त्याची मर्यादा कोणती, हे संकलनाच्या प्रक्रियेवरूनच स्पष्ट होते.

फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेल्या प्रतीवर तो काटछाट करी. 35 मिलिमीटर फिल्मच्या कडेला दर फुटास, म्हणजे दर 16 चौकटींस, एक क्रमांक उमटलेला असे. प्रत मनासारखी जुळली की निगेटिव्ह कापणारा कारागीर त्या क्रमांकांच्या आधारे मूळ निगेटिव्ह कापून जोडी. कोठे कापावे हे ठरविणारा एक आणि प्रत्यक्ष कापणारा दुसरा, अशी विभागणी त्या काळीही होती. पुढे चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीस तास, मिनिट, सेकंद आणि चौकट असा चार अंगांचा क्रमांक मिळाला. त्यालाच टाइमकोड म्हणतात. 1971 साली संगणकाच्या साहाय्याने संकलन करणारे सीएमएक्स 600 हे यंत्र अमेरिकेत तयार झाले, तेव्हापासून संकलकाचा निर्णय म्हणजे क्रमांकांची एक यादी असे स्वरूप त्यास येऊ लागले.

दूरवर चालणाऱ्या कामाचा पाया हाच आहे. सेकंदाला 100 मेगाबिट या वेगाने केलेल्या चित्रणास तासाला सुमारे 45 गिगाबाइट जागा लागते. दहा तासांचे मूळ चित्रण पाठवावयाचे तर 450 गिगाबाइट पाठवावे लागतील. त्याऐवजी कमी दर्जाची हलकी प्रत पाठविली जाते. तिच्यातील टाइमकोड मूळ चित्रणाशी तंतोतंत जुळत असतो. दूरचा संकलक त्या प्रतीवर काम करून आपल्या निर्णयांची यादी परत धाडतो, आणि मूळ चित्रण ज्याच्यापाशी आहे तो त्याबरहुकूम अंतिम प्रत तयार करतो.

वेळेतील अंतरही येथे उपयोगी पडते. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात झालेले असतात. तिकडचा निर्माता झोपी जातो, इकडे काम चालू राहते. तथापि या सोयीची किंमत कोणास तरी मोजावी लागते. चर्चेसाठी दोघांनी एकाच वेळी जागे असणे आवश्यक असते, आणि रात्री जागण्याची पाळी बहुधा काम स्वीकारणाऱ्यावरच येते.

मुलाखतीतील चित्र आणि ध्वनी जुळविणे, चित्रणाची वर्गवारी करणे, मथळे बसविणे, ही कामे लेखी सूचनांवरून करता येतात. अर्थाच्या निवडीचे तसे नाही. एखाद्या विस्थापित शेतकऱ्याची मुलाखत पाहा. ‘जमिनीचा मोबदला मिळाला का?’ या प्रश्नावर तो चार सेकंद गप्प राहतो आणि मग ‘मिळाला’ म्हणतो. भाषा न जाणणाऱ्या संकलकाला ध्वनीच्या आलेखात तेथे केवळ एक रिकामी जागा दिसते. निर्मात्याने लांबी कमी करण्यास सांगितलेले असते, म्हणून तो ती जागा काढून टाकतो. शब्द तेच राहतात. परंतु कष्टाने दिलेली कबुली आता तत्पर संमतीसारखी ऐकू येते. यात संकलकाच्या कौशल्यास दोष देता येत नाही. त्याला संहितेचा अनुवाद, प्रश्नांमागील पार्श्वभूमी आणि शंका विचारण्यास मोकळीक मिळालेली नसते.

म्हणून काम सोपविताना काही गोष्टी लेखी ठरविणे हिताचे असते: अंतिम लांबी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, प्रत्येक टप्प्यावर द्यावयाचा मोबदला, मूळ चित्रणाची सुरक्षितता आणि श्रेयनामावलीतील उल्लेख. फेऱ्यांची संख्या ठरली नाही तर ठरावीक रकमेत स्वतंत्र संकलकास आठवडेच्या आठवडे राबावे लागते, आणि त्याची तक्रार ऐकून घेणारे कार्यालय त्याच्यापाशी नसते. त्याचप्रमाणे अंतिम प्रत प्रसिद्ध होण्यापूर्वी ती भाषा जाणणाऱ्या व्यक्तीने मूळ चित्रणाशी ताडून पाहिली पाहिजे. वरील मुलाखतीतील ते चार सेकंद पुन्हा जागेवर बसविण्यास यादीतील एक क्रमांक बदलणे पुरेसे असते. मात्र ते गळाले आहेत हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.