मोटारसायकलची साखळी : अर्धी दुरुस्ती नको

१९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगरात वसले आहेत. तेथील अनेक शिक्षकांना व आरोग्यसेवकांना मोटारसायकलचाच आधार असतो. चढावर साखळीवर मोठा ताण येतो. धूळ व चिखल तिची झीज वाढवितात. साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पिना व बुश झिजून कड्यांतील अंतर वाढलेले असते. अशी साखळी दंतचक्रांचे दातही झिजविते आणि तेच दात पुढे नव्या साखळीची लवकर हानी करतात. म्हणून साखळी व पुढील-मागील दोन्ही दंतचक्रे एकाच वेळी बदलावीत.

योग्य पाने असल्यास हे काम घरीही करता येते. मात्र इंजिन बंद असावे. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवावे. अन्यथा ती निसटण्याचा संभव असतो. मागील चाक दोन्ही बाजूंच्या खुणांवर सारखे बसवावे. साखळीची ढिलाई पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. अनेक लहान गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असते. शेवटी आसाचा नट घट्ट करून ब्रेक तपासावा. घाटात तुटलेली साखळी मागील चाकात अडकल्यास प्राणावर बेतू शकते, याचे भान प्रत्येक वाहनधारकाने ठेवणे अगत्याचे आहे.