सुरू होतांना अडणारा संगणक
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, सकाळीं कामाला बसावें, टेबलावरच्या संगणकाचें बटण दाबावें, आंतला पंखा घरघरूं लागावा, पडद्यावर कारखानदाराचें चिन्ह उमटावें आणि तेथेंच सारें थांबावें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना आलेला असेल. चहाचा पेला रिकामा होतो, तरी पडदा जसाच्या तसा. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बंद करून पुन्हां लावा." दुसरा म्हणतो, "सगळें पुसून नवें घाला." पहिल्या उपायानें कधीं कधीं काम भागतें. दुसऱ्या उपायानें यंत्र बहुधा चालूं लागतें, परंतु घरच्या वस्तु त्यांत नाहींशा होतात. या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट आहे. तीच आज मी आपणांस दाखविणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन श्रावणांत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरीं असाच प्रसंग आला. आमच्या वडिलांच्या टिपणवह्यांना वाळवी लागली होती, म्हणून आक्कांनीं पानापानाचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत ठेविलीं होतीं. पुढें मूळ वह्याहि गेल्या. आतां संगणकच उठेना. माझा भाचा उत्साही, तो म्हणाला, "मामा, नव्यानें विंडोज घालून टाकूं. अर्ध्या तासाचें काम!" मी म्हटलें, "अर्धा तास तुझा, पण वह्या कोणाच्या? आधीं एक तास मला दे."

त्या तासांत काय केलें हें कळण्यासाठीं संगणक सुरू होतो म्हणजे काय होतें, तें प्रथम पाहूं. इंग्रजींत या क्रियेला "बूट" होणें म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलण्याची जी अशक्य कल्पना, तीवरून हा शब्द आला. आणि यंत्राची अडचण खरोखरच तशी आहे. एखादी आज्ञावली स्मृतींत आणावयाची तर दुसरी आज्ञावली लागते. मग पहिलीला कोणीं आणावें? यावर तोड अशी कीं, एक लहानशी आज्ञावली यंत्रांतील एका चिपमध्यें कायमची ठेवावयाची. तिनें आपल्याहून मोठीला उठवावें, त्या मोठीनें आणखी मोठीला. रात्रीचे पहारेकरी पाळीपाळीनें एकमेकांना जागे करतात, तसाच हा प्रकार आहे.

पहिला पहारा विजेचा. भिंतीतील २३० व्होल्ट दाबाची वीज घेऊन पॉवर सप्लाय तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टचे स्थिर प्रवाह करतो, आणि ते नीट मिळूं लागले म्हणजे तशी खूण मदरबोर्डाला देतो. मग चिपमधील आज्ञावलीची पाळी येते. १९८१ सालीं निघालेल्या आयबीएमच्या पीसीपासून तिला बायोस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय नांवाच्या व्यवस्थेनें घेतली आहे. ती रॅम, चित्र दाखविणारें कार्ड, कळफलक यांची हजेरी घेते. तिसऱ्या पाळीस ती डिस्कवरील आरंभीची आज्ञावली शोधते. जुन्या पद्धतींत ही डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असे. नव्या पद्धतींत तिच्यासाठीं डिस्कचा एक लहान भाग राखलेला असतो. चौथ्या पाळीस विंडोज किंवा लिनक्स यांचा गाभा स्मृतींत येतो व प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर जागा करतो. शेवटीं आपलें नांव व परवलीचा शब्द विचारला जातो, आणि त्यामागून आपण वेळोवेळीं घातलेल्या लहानमोठ्या आज्ञावल्या धांवत येतात.

यांतून पहिला नियम निघतो तो असा: संगणक अडला आहे, एवढेंच म्हणूं नये; कोणत्या पाळीला अडला, तें पाहावें. पंखा फिरतो पण पडदा काळाच, किंवा आंतून ठराविक शिट्या येतात, तर दोष बहुधा वीज, रॅम अगर चित्राचें कार्ड यांत असतो. शिट्यांचा अर्थ कारखान्यागणिक निराळा असतो; तो मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत पाहावा. कारखानदाराच्या चिन्हावरच अडला, तर डिस्क किंवा बाहेरून जोडलेलें एखादें उपकरण यांच्याकडे संशय जातो. विंडोजचे फिरते ठिपके दिसून मग थांबला, तर ड्रायव्हर, बिघडलेली फाइल किंवा डिस्क. नांव विचारून झाल्यावर अडला, तर मागाहून धांवत येणाऱ्या आज्ञावल्यांपैकीं एखादी.

येथें एका फसवणुकीपासून सावध राहावें. कांहीं पद्धतींत सुरू होतांना फाइलींचीं नांवें एकाखालीं एक पडद्यावर येतात व एका नांवापाशीं थांबतात. विंडोज ७ पर्यंतच्या सेफ मोडमध्यें असें दिसे. लिनक्समध्यें आजहि दाखवितां येतें. मनुष्य तें शेवटचें नांव टिपून घेतो व त्यालाच गुन्हेगार ठरवितो. परंतु जें नांव उमटलें, तें बहुधा येऊन बसलेलेंच असतें. अडलें असेल तें त्याच्या पाठीमागचें, आणि त्याचें नांव अजून पडद्यावर आलेलेंच नसतें.

दुसरा नियम: अडलेला आणि गुंतलेला यांत भेद करावा. नव्या सुधारणा बसवितांना विंडोज अर्धा-पाऊण तासहि घेतें. तेव्हां कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागतो-विझतो, तर यंत्राचा गाभा जिवंत आहे असें समजण्यास हरकत नाहीं. पेटीवरील डिस्कचा दिवा अनियमित लुकलुकत असेल तर काम चाललें आहे. तो सारखा जळत राहिला किंवा मुळींच लागला नाहीं, तर संशय घ्यावा. आपण विचाराल, यंत्र स्वतःच कां सांगत नाहीं कीं मी अडलों? कोणतीहि आज्ञावली केव्हां तरी संपेल कीं अनंत काळ चालत राहील, हें प्रत्येक वेळीं अचूक सांगणारी एक सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं, असें ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या १९३६ सालच्या संशोधनावरून सिद्ध होतें. म्हणून यंत्राचे रचनाकार घड्याळ लावतात आणि ठराविक वेळांत उत्तर न आल्यास अडलें असें धरून चालतात. आपणहि तेंच करावें: शांतपणें तासभर वाट पाहावी, मग हात घालावा.

हात घालावयाचा तो बाहेरून आंत. पेन ड्राइव्ह, छपाईचें यंत्र, बाहेरची डिस्क, कॅमेऱ्याची तार, सर्व काढून घ्यावें. फक्त पडदा, कळफलक व माउस ठेवावा. विसरलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होऊं पाहणारा संगणक मीं अनेक वेळां पाहिला आहे, आणि ही दुरुस्ती फुकट होते. त्यानंतर घड्याळ पाहावें. दिनांक फार मागचा दिसत असेल, तर मदरबोर्डावरील रुपयाएवढी चपटी बॅटरी संपली असण्याचा संभव आहे. तिचें नांव सीआर २०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. ती संपली म्हणजे कोणत्या डिस्कवरून, कोणत्या रीतीनें सुरू व्हावयाचें ही आठवण पुसली जाऊं शकते.

पेटी उघडण्यापूर्वीं भिंतीतील तार काढून ठेवावी, सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून उरलेली वीज जाऊं द्यावी व पेटीच्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांच्या सोनेरी टोंकांवरील मळ पुसून, त्या पुन्हां घट्ट बसवाव्या. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्याच्या दमट हवेंत नुसत्या एवढ्यानें पुष्कळ यंत्रें उठतात. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. मेमटेस्ट नांवाची आज्ञावली पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालविली म्हणजे रॅमचा दोष बहुधा उघड होतो. मदरबोर्डावरील उभ्या नळकांड्यांचीं डोकीं फुगलेलीं असल्यास तो घटक निकामी झाला. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या अनेक मदरबोर्डांत हा दोष होता. मात्र पॉवर सप्लायची डबी कधींहि उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांत धोकादायक वीज सांठून राहते.

विंडोज १० व ११ मध्यें सुरू होणें लागोपाठ दोनदां अर्धवट राहिलें, तर पुढच्या वेळीं दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून सेफ मोडमध्यें शिरतां येतें. त्यांत अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर चालतात. सेफ मोडमध्यें यंत्र नीट चाललें, तर दोष नव्यानें घातलेल्या ड्रायव्हराचा किंवा आज्ञावलीचा असावा, ती काढावी. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत डिस्क कुलूपबंद असते, आणि दुरुस्तीच्या वेळीं ४८ अंकांची किल्ली मागितली जाते. ती आजच, यंत्र चालू असतांना, कागदावर लिहून कपाटांत ठेवावी.

आतां आक्कांच्या घरीं परत येऊं. ठिपके फिरून थांबत होते, म्हणजे दोष चौथ्या पाळीचा. बाहेरचीं उपकरणें काढलीं, फरक नाहीं. भाचा पुन्हां बटण दाबणार, इतक्यांत मी त्याला थांबविलें व पेटीला कान लावला. आंतून दर कांहीं सेकंदांनीं टक्, टक् असा आवाज येत होता. फिरत्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेते आणि वाचणारें टोंक तिच्यापासून केवळ कांहीं नॅनोमीटर वर तरंगत असतें. एखादा भाग वाचतां आला नाहीं म्हणजे डिस्क तोच भाग पुन्हां पुन्हां वाचूं पाहते आणि गाभा तिच्या उत्तराची वाट पाहत बसतो. तोच हा अडथळा होता. अशा डिस्कला प्रत्येक नवी सुरुवात म्हणजे आजाऱ्याला जिना चढावयास लावणें होय. तिच्यावर दुरुस्तीची आज्ञावलीहि चालवूं नये. मग नवें विंडोज घालणें तर दूरच. आधीं प्रत काढावी, मग दुरुस्ती.

आम्हीं यंत्र बंद केलें, डिस्क बाहेर काढली व तारेनें दुसऱ्या संगणकाला दुय्यम डिस्क म्हणून जोडली. भाचा म्हणाला, "सगळीच एकदम उतरवूं." मी म्हटलें, "नाहीं. जें पुन्हां मिळणार नाहीं तें अगोदर." वडिलांच्या वह्यांची पेटिका प्रथम उतरविली, मग घरचीं छायाचित्रें, मग बाकीचें. वह्यांचीं सात पानें वाचतां आलीं नाहींत. उरलेलीं सर्व आलीं. दोन दिवसांनीं ती डिस्क कायमची मूक झाली. तिच्या जागीं नवी डिस्क बसविली, विंडोज घातलें, आणि तें काम भाच्यानें म्हटल्याप्रमाणें खरोखर अर्ध्या तासांतच झालें.

आक्का त्या सात पानांविषयीं मजजवळ एकदांच बोलल्या. "अरे, आदल्या महिन्यांतच ती टक्टक् मला ऐकूं येत होती," त्या म्हणाल्या, "मला वाटलें, पाल चुकचुकते आहे." तेव्हांपासून त्यांच्या घरीं दर संकष्टीला वह्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क दुसऱ्या खोलींत, देवघराच्या फडताळांत राहते. श्रोतेहो, आपला संगणक आज सकाळीं सुरळीत उठला असेल, तर हें काम आजच करून ठेवा.