‘परवा’ नेमका कुठल्या बाजूचा?

‘परवा गेलो होतो’ आणि ‘परवा जाईन’. मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. मेंदूचाही कारभार बराचसा असाच आहे.

आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे घडून गेलेलं आणि उद्याचं चित्र म्हणजे निव्वळ कल्पना. दोन्हींची खाती वेगळी. तसं नाही. कॅनडात 1981 साली मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला इजा झालेला एक रुग्ण होता; वैद्यकशास्त्र त्याला के. सी. या आद्याक्षरांनी ओळखतं. त्याची बुद्धी शाबूत होती, बुद्धिबळही खेळता येत होतं. पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवेना. मानसशास्त्रज्ञ एन्डेल टल्विंग यांनी त्याला उद्या काय करणार असं विचारलं, तेव्हा तिथेही तशीच कोरी पाटी! 2007 मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठवणींसाठी महत्त्वाच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना समुद्रकिनाऱ्यासारख्या प्रसंगांची कल्पना करायला सांगितलं. बहुतेकांना तुकडे सुचले, सलग दृश्य जुळेना. थोडक्यात, उद्याचं घर जुन्याच विटांनी बांधलं जातं.

यश डोळ्यांसमोर आणा, ते मिळेलच, असं व्याख्यानांतून ठासून सांगतात. मला हा गैरसमज सगळ्यात महागडा वाटतो. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगन यांनी नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांचा दोन वर्षं मागोवा घेतला. गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्तावही कमी आले आणि पगारही कमी मिळाला. अनुभवाच्या जोरावर ‘जमेल’ म्हणणाऱ्यांचं मात्र बरं चाललं.

कुणाकुणाला तर डोळ्यांसमोर आणू म्हटलं तरी मनात चित्रच दिसत नाही. ही कल्पनाशक्तीची उणीव नव्हे. ‘अफँटेझिया’ हे नाव 2015 मध्ये मिळालेल्या या वेगळेपणासह अनेकजण उत्तम काम करतात.

राहिला ‘माझं मला ठाऊक’ हा भ्रम. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 34 दिवसांत संपेल असं सांगितलं. सगळंच बिघडलं तर? तरी 49. प्रत्यक्षात लागले 55 हून अधिक. तेव्हा कुणाला ‘परवा देतो’ म्हणण्याआधी मागच्या खेपेला किती दिवस लागले होते, तेवढं आठवून बघा.