पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश

पिसाळलेलें कुत्रें चावल्यावर पाण्याचें भय वाटूं लागणें हें सुश्रुतानें कल्पस्थानांत मारक लक्षण गणिलें आहे. लक्षणें उमटल्यावर आजहि बहुधा उपाय चालत नाहीं. रोगाचे विषाणु मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सावकाश चढतात, तेवढाच अवधि आपल्या हातीं असतो. १८८५ सालीं पाश्चर यांनीं ९ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला लस टोंचविली ती याच अवधींत. म्हणून घरांतील वडील मंडळींस आमची विनंति कीं, जखमेंत चुना-मिरची भरूं नये. साबण व वाहत्या पाण्यानें ती १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. रक्त आलें असल्यास लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यहि जखमेंत टोंचावें लागतें. पोटांतील १४ सुया आतां गेल्या. दंडांत चार-पांच पुरतात. घरचे रागावतील या भयानें मुलें ओरखडा लपवितात. त्यांस आधीं जवळ घ्यावें. कुत्रें कोणी डिंवचलें याची चौकशी मागाहून.