टनामागे किती ताकद?

शिरोली एमआयडीसीत बिडाचं ओतकाम करणाऱ्या कोल्हापूरकरांनी बीएमडब्ल्यू एम-५ च्या पिढ्या इंजिनाच्या ब्लॉकपासून पाहाव्यात. १९८५ च्या पहिल्या गाडीत बिडाचाच ब्लॉक होता. सहा सिलिंडर, २८६ अश्वशक्ती. १९९८ ला ॲल्युमिनियमचा व्ही-८ आला. २००५ चा व्ही-१० टर्बोविना मिनिटाला ८,००० फेऱ्यांपलीकडे जाई. माझ्या लेखी सगळ्यांत देखणं इंजिन तेच. २०११ पासून टर्बो आले. २०२४ च्या गाडीत व्ही-८ ला विजेच्या मोटरची जोड आहे, एकूण ७२७ अश्वशक्ती! पण बॅटरी वगैरे धरून वजन सुमारे २,४०० किलो. पहिलीचं १,४५० च्या आसपास. गाडीची चपळाई ठरते टनामागच्या ताकदीवर, आणि अडीचपट अश्वशक्ती असूनही टनामागची ताकद वाढली जेमतेम दीडपट.